फार्मवर कोंबडीचा दर कोसळतो तेव्हा दुकानातला फलक का हलत नाही?

श्रावण लागला की ब्रॉयलर कोंबडीचा फार्मवरचा दर घसरतो, हे महाराष्ट्रात कुक्कुटपालन करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. आषाढाच्या अखेरीस, गटारीच्या आठवड्यात, ज्या पक्ष्यांसाठी व्यापारी स्वतःहून गाडी पाठवत होते, तेच पक्षी उचलून न्यावेत म्हणून पंधरा दिवसांनी शेतकऱ्याला त्याच व्यापाऱ्यांना फोन करावे लागतात. याच पंधरवड्यात पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या चिकनच्या दुकानाबाहेरचा फलक पाहिला, तर त्यावरचा आकडा एक तर जागचा हललेला नसतो, नाही तर दहा-वीस रुपयांनी खाली आलेला असतो. जिवंत पक्ष्याला मिळणारा दर एका वर्षात निम्म्यावर येतो आणि पुन्हा दुप्पट होतो, पण ग्राहक मोजतो तो दर मात्र बऱ्यापैकी अरुंद पट्ट्यात फिरत राहतो.

मधला पैसा कोठे जातो, याचे उत्तर उत्पादकाकडे तयार असते आणि दुकानदाराकडेही. उत्पादक म्हणतो, मधले लोक खातात. दुकानदार म्हणतो, भाडे, मजुरी आणि वीज यांतच सगळे जाते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, परंतु दोन्ही मिळूनही चित्र पूर्ण होत नाही. सहसा कोणी न बोललेली एक गोष्ट या प्रश्नाच्या मुळाशी आहे, आणि ती मांडण्यासाठीच हा लेख लिहीत आहे: दुकानात दर हलत नाही, म्हणूनच फार्मवर तो इतक्या जोराने हलतो. वरची स्थिरता आणि खालची अस्थिरता ही एकाच व्यवहाराची दोन टोके आहेत.

हिशेबाचा भाग

आरोप-प्रत्यारोपांच्या आधी साधे गणित मांडून पाहणे आवश्यक आहे, कारण दोन दरांमधल्या तफावतीचा काही भाग पूर्णपणे न्याय्य असतो.

शेतकरी जिवंत पक्षी वजनावर विकतो आणि ग्राहक साफ केलेले मांस वजनावर घेतो. रक्त, पिसे, डोके, पाय, आतडी आणि कातडी काढून टाकल्यावर जिवंत वजनाच्या साधारण दोन तृतीयांश इतके मांस हाती उरते. म्हणजे कातडीविना एक किलो चिकनसाठी सुमारे दीड किलो जिवंत पक्षी लागतो. फार्मवरचा दर शंभर रुपये आहे आणि दुकानात दोनशे चाळीस रुपये घेतात, असे ऐकून जो धक्का बसतो, त्यातला मोठा वाटा या दीडपटीचा असतो.

आता समजण्यापुरते काही आकडे धरू. हे कोणत्याही एका दिवसाचे बाजारभाव नाहीत. फार्मवरचा दर किलोला ११० रुपये आहे. पक्षी गाडीत भरणे, डिझेल, प्रवासात घटणारे वजन, वाटेत मरणारे पक्षी आणि व्यापाऱ्याचा नफा मिळून किलोमागे १५ रुपये लागतात. दुकानापर्यंत पक्षी १२५ रुपयांना पोहोचला. दीड किलो पक्ष्याचे झाले साधारण १८८ रुपये. दुकानाचे भाडे, कापणारा कारागीर, पाणी, वीज, कचऱ्याची विल्हेवाट आणि दुकानदाराचा नफा यांचे ५० रुपये धरले, तर चिकन २३८ रुपये किलो पडते आणि फलकावर २४० लिहिले जाते.

समजा, फार्मवरचा दर ११० वरून ७० वर आला. घसरण ३६ टक्क्यांची आहे. गाडीभाडे तेवढेच आहे, दुकानाचे भाडेही तेवढेच आहे. प्रामाणिकपणे हिशेब केला तर दुकानातला दर १७८ रुपये होतो, म्हणजे घसरण २५ टक्क्यांची होते. कोणीही कसलीही लबाडी केली नाही, तरी मांसाचा दर टक्केवारीत जिवंत पक्ष्याच्या दरापेक्षा कमीच हलणार, कारण मांसाच्या किमतीत पक्ष्याशिवाय इतर अनेक खर्च मिसळलेले असतात आणि ते पक्ष्याच्या दराबरोबर खाली-वर होत नाहीत.

पण टक्केवारी बाजूला ठेवून रुपये मोजले, की न्याय्य आणि अन्याय्य यांतली रेघ स्पष्ट दिसू लागते. फार्मवर एक रुपया कमी झाला, तर मांसाच्या किलोमागे दीड रुपया कमी व्हायला हवा. चाळीस रुपये उतरले, तर साठ रुपये उतरायला हवेत. प्रत्यक्षात दुकानात वीस रुपये उतरले असतील, तर उरलेले चाळीस रुपये मध्येच कोठेतरी थांबले आहेत. या एका गुणाकाराने कोणताही ग्राहक आणि कोणताही उत्पादक आपल्या गावातली परिस्थिती स्वतः तपासू शकतो.

दुकानदाराची बाजू

चिकनचा दुकानदार हा या साखळीतला सर्वांत नजरेसमोरचा माणूस असल्याने राग त्याच्यावर निघतो. पण दर स्थिर ठेवण्यामागे त्याची म्हणून काही कारणे आहेत आणि ती समजून घेतली पाहिजेत. श्रावणात त्याची विक्री मोठ्या प्रमाणात घटते. गाळ्याचे भाडे आणि कारागिराचा पगार मात्र तोच असतो. रोज शंभर किलोवर वाटला जाणारा खर्च आता पन्नास किलोवर वाटावा लागतो, म्हणजे दर किलोमागे त्याचा खर्च खरोखरच वाढतो. पक्षी स्वस्त मिळतो नेमका त्याच काळात दुकान चालवणे महाग पडते.

दुसरे कारण ग्राहकाच्या स्वभावात आहे. नेहमीच्या ग्राहकाला दर ओळखीचा हवा असतो. आज १८०, परवा २१०, पुढच्या रविवारी २५० असे झाले, तर तो दुकानदारावर संशय घेतो आणि शेजारच्या दुकानात जातो. दर उतरवल्याबद्दल दुकानदाराला फारशी शाबासकी मिळत नाही. तोच दर पुन्हा चढवला की मात्र तक्रार ऐकावी लागते. त्यामुळे उतरलेला दर पुन्हा चढणारच आहे, हे माहीत असलेला दुकानदार तो मुळात उतरवतच नाही. हॉटेलांत हे आणखी ठळकपणे दिसते. छापलेल्या मेन्यूकार्डावरची चिकन हंडी फार्मवरच्या दरानुसार महिन्यातून चार वेळा बदलणे शक्य नसते, आणि ग्राहकाचीही तशी अपेक्षा नसते.

तिसरी गोष्ट दुकानदार स्वतः सांगतात आणि ती खरी आहे: तेजीत ते तोटा अंगावर घेतात. फार्मवरचा दर ११० वरून १४० झाला, तर वरच्या हिशेबाने चिकन २८३ रुपयांना विकायला हवे. पण अनेक जण २६० वर थांबतात, कारण त्यापुढे ग्राहक पाव किलो कमी घेतो. मंदीत राखलेला जादा नफा तेजीतली ही तूट भरून काढतो. म्हणजे दुकानदार वर्षभराची सरासरी काढून धंदा करतो.

तरीही दोन्ही दिशांची गती सारखी नसते. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी २००० साली ग्राहकोपयोगी आणि औद्योगिक अशा अनेक वस्तूंचे दर तपासले, तेव्हा त्यांना दर तीन बाजारांपैकी सुमारे दोन बाजारांत असे आढळले की कच्च्या मालाचा दर चढला की विक्रीचा दर लवकर चढतो, आणि कच्च्या मालाचा दर उतरला की विक्रीचा दर रेंगाळत उतरतो. विशेष म्हणजे, थोड्याच विक्रेत्यांच्या हाती असलेल्या बाजारांप्रमाणे भरपूर स्पर्धा असलेल्या बाजारांतही हे दिसून आले. म्हणून यामागे प्रत्येक वेळी दुकानदारांचे संगनमत असते, असे गृहीत धरणे बरोबर नाही. परंतु कारण निरागस असले, तरी परिणाम निरागस ठरत नाही.

फलक न हलण्याचा खरा परिणाम

बाजारात माल जास्त झाला की दर उतरतो, दर उतरला की लोक जास्त खरेदी करतात आणि जास्तीचा माल संपतो, असे अर्थशास्त्राच्या पहिल्याच धड्यात शिकवले जाते. या वाक्यातला मधला दुवा महत्त्वाचा आहे. लोकांनी जास्त खरेदी करावी यासाठी दर त्यांच्यासमोर उतरलेला दिसायला हवा. फार्मवरचा दर सत्तर रुपये झाला आहे, हे नाशिक किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या उत्पादकाला माहीत असते. कल्याणच्या गृहिणीला ते कोणी सांगत नाही. तिच्यासमोर चिकन २२० रुपये किलोच असते, म्हणून ती नेहमीइतकेच घेते.

मग जास्तीचे पक्षी जातात कोठे? जाण्यास वाटच नसल्यामुळे ते शेडमध्ये साचत राहतात. खप वाढवून जो दाब निघून जायला हवा होता, तो उलटा फिरून फार्मवर येतो आणि तेथला दर आणखी खाली ढकलतो. दुकानात दर साठ रुपयांनी उतरला असता, तर कदाचित फार्मवरचा दर सत्तरपर्यंत जाण्याआधी ऐंशी-पंच्याऐंशीलाच सावरला असता. तेजीतही हेच उलट्या दिशेने घडते: दुकानातला दर पुरेसा चढत नाही, म्हणून मागणी कमी होत नाही आणि कमी पडलेल्या पक्ष्यांसाठी व्यापाऱ्यांची फार्मवर चढाओढ लागते. ग्राहकाला मिळालेल्या प्रत्येक शांत महिन्याची भरपाई फार्मवरच्या एका अशांत महिन्याने होत असते. हा परिणाम ना दुकानदाराच्या हिशेबात दिसतो, ना उत्पादकाच्या. तो फक्त दोन्ही हिशेब शेजारी ठेवल्यावर दिसतो, आणि म्हणूनच या विषयावरच्या चर्चेतून तो सतत निसटत राहतो असे मला वाटते.

पक्षी थांबत नाही

हा सगळा दाब अखेर उत्पादकावरच का येतो, याचे उत्तर पक्ष्याच्या शरीरात आहे. ब्रॉयलरचे पिल्लू शेडमध्ये आल्यापासून पाच ते सहा आठवड्यांत दोन किलोच्या पुढे जाते. दुकानांना याच वजनाचा पक्षी हवा असतो. विक्रीयोग्य झालेला पक्षी ठेवून दिला, तर तो रोज सुमारे १८० ते २०० ग्रॅम खाद्य खातो. पाच हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये हे रोजचे जवळपास एक टन खाद्य होते. खाद्याचा दर किलोला चाळीस रुपये धरला, तर चांगल्या दराची वाट पाहण्याचा खर्च दिवसाला जवळपास चाळीस हजार रुपये येतो. शिवाय वय वाढेल तसे तेवढ्याच खाद्यावर वजन कमी वाढते, मरतुकीचा धोका वाढतो, आणि पक्षी अडीच-तीन किलोच्या पुढे गेला की किरकोळ दुकानदार त्याला नाके मुरडतात. हा जड पक्षी मग हॉटेलवाल्यांकडे कमी दराने जातो.

कांदा चाळीत राहतो, सोयाबीन पोत्यांत राहते. आपल्याकडे चिकन समोर कापलेले, ताजे घेण्याची पद्धत आहे आणि गोठवलेल्या मांसाला ग्राहक कमी. त्यामुळे जास्तीचे उत्पादन साठवण्याची जागा म्हणजे जिवंत पक्षीच, आणि ती जागा रोज खाद्य मागते. व्यापाऱ्याला हे पक्के माहीत असते. आज सौदा झाला नाही, तर उद्या शेतकऱ्याचा खर्च वाढलेला असणार आणि पक्षी जड झालेला असणार, म्हणून घाई नेहमी एकाच बाजूला असते. ज्याला थांबता येत नाही, तो भाव ठरवू शकत नाही.

पुरवठाही मनात आले म्हणून बदलता येत नाही. अंडे उबवायला २१ दिवस, पक्षी वाढवायला सहा आठवडे. आज बाजारात येणारा पक्षी किती असेल, हे दोन महिन्यांपूर्वी उबवणी केंद्रात ठरलेले असते. त्या अंड्यांची संख्या मातृपक्ष्यांच्या संख्येवर अवलंबून असते, आणि मातृपक्षी सुमारे २५ व्या आठवड्यात अंडी द्यायला लागून ६५ व्या आठवड्यापर्यंत देत राहतात. म्हणजे तेजीच्या उत्साहात वाढवलेले मातृपक्षी मंदी आल्यावरही अंडी देतच राहतात. भाव चढलेला असताना सगळेच पिल्ले टाकतात आणि ती सगळी एकदम विक्रीला येतात. भाव पडल्यावर सगळेच हात आखडतात आणि दोन महिन्यांनी टंचाई होते. जर्मन अभ्यासक आर्थर हानाउ यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस डुकरांच्या दरांत हेच चक्र दाखवून दिले होते. डुकराचे चक्र काही वर्षांचे असते, ब्रॉयलरचे काही महिन्यांचे.

यात उन्हाळ्याची भर पडते. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ-मराठवाड्यातच नव्हे, तर पुणे-नाशिककडेही उष्माघाताने पक्षी मरतात, उरलेले कमी खातात आणि वजन धरत नाहीत. तेव्हा दर चढतो. पण तो चढलेला दर ज्याचे पक्षी जगले त्याच्यासाठी.

आणखी एका फरकाकडे फारसे लक्ष दिले जात नाही. दुकानदार वर्षातून जवळपास तीनशे पन्नास दिवस पक्षी विकत घेतो. चढे-उतरते सर्व दर त्याच्या हातून जातात आणि वर्षाखेरीस त्याला सरासरी मिळते. शेतकऱ्याची एक बॅच सहा आठवड्यांची, त्यानंतर शेडची सफाई, चुना, नवे तूस आणि रिकामे ठेवण्याचे दिवस. वर्षात पाच-सहा बॅच निघतात. म्हणजे वर्षातून फक्त पाच-सहा वेळा, प्रत्येक वेळी दोन-चार दिवसांत, त्याचा सगळा माल त्या दिवसांच्या दराने जातो. त्यांपैकी दोन बॅच मंदीच्या आठवड्यात निघाल्या, तर वर्षभराचा सरासरी दर कितीही चांगला असला तरी त्याच्यासाठी ते वर्ष बुडालेले असते. म्हणूनच ‘यंदा सरासरी दर बरा होता’ हे वाक्य अधिकाऱ्यांच्या अहवालात खरे असते आणि एखाद्या शेतकऱ्याच्या घरी खोटे ठरते.

करारातली मंदी

येथे जाणकार वाचक म्हणेल की आता बहुतेक पक्षी कंपन्यांच्या कराराखाली वाढतात, तेव्हा दराचा धोका शेतकऱ्याचा राहिलाच कोठे? हे अंशतः बरोबर आहे. करार पद्धतीत पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनी देते. शेड, वीज, पाणी, तूस आणि मेहनत शेतकऱ्याची असते. आणि पक्षी उचलल्यावर किलोमागे ठरलेला संगोपन दर मिळतो. बाजारातल्या चढउताराचा पहिला तडाखा कंपनी सोसते, आणि २०२० नंतर अनेक स्वतंत्र उत्पादक कराराकडे वळले, त्याला हेच कारण आहे.

परंतु मंदी कराराच्या आतही शिरते, फक्त वेगळ्या दाराने. दर पडला की कंपनी पुढची पिल्ले टाकायला उशीर करते. पंधरा दिवस रिकामे राहायचे ते शेड महिनाभर, कधी दीड महिना रिकामे राहते. किलोचा दर ठरलेलाच आहे, पण सहाऐवजी चार-पाच बॅच निघाल्या तर वर्षाचे उत्पन्न तेवढ्याने घटते आणि शेडसाठी काढलेल्या कर्जाचा बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला यायचा तो येतोच. उचल लांबली तर पक्षी जादा खाद्य खातात, खाद्याचे आणि वजनाचे प्रमाण बिघडते आणि त्याची कपात शेतकऱ्याच्या हिशेबातून होऊ शकते. कराराच्या कागदावर बाजारभावाचा धोका कंपनीचा असतो. रिकाम्या दिवसांचा धोका कोणाचा, याविषयी बहुतेक करार गप्प असतात. माझ्या मते करार करणाऱ्या शेतकऱ्याने दर किलोच्या पैशांआधी हाच प्रश्न विचारला पाहिजे.

खाद्याच्या दराचेही असेच. ब्रॉयलरच्या उत्पादनखर्चात खाद्याचा वाटा जवळपास दोन तृतीयांश असतो आणि ते खाद्य मुख्यतः मका आणि सोयापेंड यांचे असते. २०२१ मध्ये सोयाबीन काही बाजारांत क्विंटलला १०,००० रुपयांपर्यंत पोहोचले, तेव्हा पोल्ट्री उद्योगाच्या मागणीवरून केंद्र सरकारने त्या ऑगस्टमध्ये १२ लाख टन सोयापेंडेच्या आयातीस मुभा दिली. लातूर-अकोल्याच्या सोयाबीन उत्पादकांनी त्याला विरोध केला. दोन्ही बाजूंना शेतकरीच होते. खाद्य महागले की ग्राहकाला दरवाढीचे कारण लगेच सांगितले जाते. पुढे खाद्य उतरले की ती बातमी दुकानापर्यंत पोहोचायला फार वेळ लागतो.

स्थिरता तुटते तेव्हा

दुकानातला दर कधी हलतच नाही, असे नाही. मोठा आघात झाला की तोही कोसळतो, आणि असे प्रसंग शिकवून जातात. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर येथे भारतातला पहिला बर्ड फ्लू आढळला. रोग मोजक्या भागात होता, पण चिकनची मागणी देशभर आटली. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तर रोगही नव्हता. कोंबडीमुळे करोना होतो, ही अफवा समाजमाध्यमांवरून पसरली. केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने असा काही संबंध नसल्याचे स्पष्ट केले, तरी लोकांनी चिकन खाणे थांबवले. काही ठिकाणी उत्पादकांनी पक्षी फुकट वाटले, काहींनी ते पुरले. खाद्याला पैसे नाहीत आणि उचलायला कोणी येत नाही, अशा अवस्थेत हातांनी वाढवलेले हजारो पक्षी खड्ड्यात घालावे लागणे, हे ज्यांनी सोसले त्यांच्यापैकी अनेक जण पुन्हा या धंद्यात आले नाहीत. त्या वेळी शहरांतही चिकन अत्यंत स्वस्त झाले होते. मात्र त्यानंतर पिल्ले टाकणेच थांबल्यामुळे दोन-तीन महिन्यांत टंचाई झाली आणि दर उसळले. त्या उसळलेल्या दराचा लाभ अर्थातच ज्यांच्याकडे तेव्हा पक्षी होते त्यांना झाला, आणि मार्चमध्ये बुडालेल्यांपैकी बहुतेकांचे शेड तेव्हा रिकामे होते.

शेळ्या-मेंढ्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. मटणाचा दर चिकनपेक्षाही चिवट असतो. तो चढला की सहसा परत येत नाही. पण बोकड थांबू शकतो. चारा आणि पाणी असेल, तर आटपाडी, लोणंद किंवा चाकणच्या बाजारातून शेळीपालक आपला बोकड परत घरी नेऊ शकतो आणि बकरी ईदची वाट पाहू शकतो. दुष्काळात ही ताकद संपते. माणदेशातल्या किंवा बीडच्या एखाद्या पट्ट्यात पाणी आटले, की सगळ्यांना एकाच वेळी विकावे लागते आणि बाजारात भाव पडतो. त्या आठवड्यात मुंबईतल्या मटणाच्या दुकानात काहीही बदललेले नसते. शिवाय बहुतेक बाजारांत जनावर वजनावर न विकता नजरेच्या अंदाजावर विकले जाते. जो महिन्याला शेकडो जनावरे पाहतो आणि जो वर्षाला दहा विकतो, त्या दोघांच्या नजरेतला फरकही किमतीतच धरला जातो.

दूरचे एक उदाहरण

अमेरिकेत ही तफावत अनेक दशके अधिकृतपणे मोजली जाते. तेथील कृषी खाते जनावराच्या दरापासून दुकानातल्या मांसापर्यंतचे अंतर नियमितपणे प्रसिद्ध करते. डिसेंबर १९९८ मध्ये तेथे जिवंत डुकराचा दर शंभर पौंडांना सुमारे १० डॉलरपर्यंत कोसळला. उत्पादनखर्च त्याच्या तिपटीहून अधिक होता. त्याच महिन्यात दुकानांतले डुकराचे मांस पौंडाला दोन डॉलरच्या वरच राहिले. डुकरे विक्रमी संख्येने बाजारात आली होती आणि कत्तलखान्यांची क्षमता मात्र अपुरी होती. जनावरे दाराशी ताटकळली आणि आत घेणाऱ्याने हवा तो दर सांगितला. ऑगस्ट २०१९ मध्ये कॅन्ससमधल्या होल्कोम येथील मोठ्या कत्तलखान्याला आग लागली, तेव्हाही हेच वेगळ्या प्रकारे घडले: गुरांचे दर पडले आणि घाऊक गोमांसाचे दर चढले. दोन टोकांमधला रस्ता अरुंद झाला की एका टोकाला मंदी आणि दुसऱ्या टोकाला तेजी एकाच दिवशी नांदू शकतात.

१९९८ च्या त्या धक्क्यानंतर पुढच्याच वर्षी अमेरिकी संसदेने कायदा करून मोठ्या कत्तलखान्यांना आपण कोणत्या दराने जनावरे घेतली, हे सरकारला कळवणे बंधनकारक केले. त्याने चढउतार थांबले नाहीत. पण आज शेजारच्या जिल्ह्यात काय दर मिळाला, हे उत्पादकाला व्यापाऱ्याच्या तोंडून ऐकण्याची गरज उरली नाही.

आपल्याकडे अंड्यांच्या बाबतीत याचा एक नमुना आहे. १९८२ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली आणि उत्पादकांच्या वतीने रोजचा दर जाहीर होऊ लागला. त्या दरावर वाद होतात, प्रत्यक्ष सौदे त्याच्या खाली होतात अशाही तक्रारी असतात. तरी अंड्याचा ठोक दर कोणालाही रोज पाहता येतो आणि किराणा दुकानातला अंड्याचा दर त्याच्या मागोमाग बऱ्याच अंशी हलतो. अंडे काही दिवस टिकते, ते तुकडे न करता विकले जाते आणि त्याच्यावर प्रक्रिया नसते, हीही त्यामागची कारणे आहेत. ब्रॉयलरचे दर आज व्हॉट्सॲपच्या गटांतून रोज फिरतात, पण ते उत्पादक, कंपन्या आणि व्यापारी यांच्यातच. ते ग्राहकापर्यंत पोहोचावेत, यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. चिकनच्या दुकानातल्या फलकावर मांसाच्या दराशेजारी त्या दिवशी दुकानदाराने पक्ष्यासाठी मोजलेला जिवंत दरही लिहिणे बंधनकारक केले, तर दीडपटीचा हिशेब ग्राहक स्वतः करील. दुकानदारांचे यात नुकसानच होईल असे नाही. तेजीत आपण किती सोसतो हे दाखवण्याची संधी त्यांनाही मिळेल.

मांस गोठवून साठवण्याचा उपाय नेहमी सुचवला जातो आणि तो तत्त्वतः योग्य आहे: मंदीत पक्षी कापून साठवायचे, टंचाईत बाहेर काढायचे, म्हणजे दोन्हीकडचे टोक बोथट होते. पण मंदीत स्वस्त पक्षी घेऊन तेजीत महाग मांस विकण्याचा फायदा ज्याचे शीतगृह असते त्याला मिळतो. आज अशी शीतगृहे मोठ्या कंपन्यांकडे आहेत. दुधाच्या बाबतीत सहकारी संघांनी जास्तीच्या दुधाची भुकटी करून हेच काम उत्पादकांच्या मालकीने केले होते. ब्रॉयलर उत्पादकांचा तालुका पातळीवरचा संघ वीस-पंचवीस शेडचे पक्षी मंदीच्या दोन आठवड्यांत कापून ठेवू शकला, तर त्याचे सभासद व्यापाऱ्याच्या फोनची वाट न पाहता दर ऐकून नकार देऊ शकतील. त्यासाठी भांडवल लागेल, अखंड वीज लागेल, आणि गोठवलेले चिकन घेण्यास तयार असलेली हॉटेले, वसतिगृहे आणि उपाहारगृहे आधी बांधून घ्यावी लागतील, कारण घरगुती ग्राहक एवढ्यात ताज्या चिकनचा हट्ट सोडणार नाही.